लठ्ठपणा, हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन आणि भूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन जास्त असलेल्या माणसाला हर्निया झाला की त्याला ऑपरेशनपेक्षा भुलेची भीती जास्त वाटते. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांतले निम्मेअधिक प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात: कुठली भूल सुरक्षित? याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. हर्निया कुठे आहे, चरबी कुठे साठली आहे आणि रात्री झोपेत श्वास कसा चालतो, या तीन गोष्टींवर ते ठरतं. वजनकाट्यावरचा आकडा त्यानंतर येतो. प्रश्न सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे लावले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे नेमकं काय करतात? जांघेतल्या आणि बेंबीच्या हर्नियाला एकच पद्धत असते का?

पोटाच्या भिंतीत जिथे कमकुवत जागा तयार झाली आहे, तिथून आतलं आतडं किंवा चरबी बाहेर डोकावते. तोच हर्निया, म्हणजे अंतर्गळ. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटावर साधारण अर्धा ते सव्वा सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात, कार्बन डायऑक्साइड वायू भरून काम करायला जागा करतात आणि कमकुवत जागेवर आतल्या बाजूने जाळी बसवतात.

जांघेतल्या हर्नियासाठी दोन पद्धती रूढ आहेत. ‘टीईपी’मध्ये पोटाच्या पोकळीत शिरतच नाहीत, स्नायू आणि पोटाचं अस्तर यांच्या मधल्या थरात काम होतं. ‘टॅप’मध्ये पोकळीत शिरून अस्तर उघडतात, जाळी लावतात आणि अस्तर पुन्हा शिवतात. दोन्हींत जाळी प्रौढ माणसाला किमान १० बाय १५ सेंटिमीटरची लावावी असा संकेत आहे. बेंबीच्या किंवा जुन्या टाक्यावरच्या हर्नियाला पद्धत वेगळी. तिथे जाळी पोटाच्या आतून किंवा स्नायूंच्या मागे बसवतात आणि काम बहुधा जास्त वेळ चालतं.

२. जाडीमुळेच हर्निया झाला का? वजन उतरवलं तर तो आपोआप जाईल का?

बेंबीचा आणि जुन्या टाक्यावरचा हर्निया लठ्ठपणात जास्त दिसतो, कारण पोटातला दाब सतत वाढलेला असतो. जांघेतल्या हर्नियाचं मात्र तसं नाही. मोठ्या पाहण्यांमध्ये तो लठ्ठ लोकांत उलट कमी नोंदला गेला आहे. चरबीखाली तो हाताला लागत नाही, हेही त्याचं एक कारण असू शकतं.

वजन उतरल्याने भिंतीतलं भोक बुजत नाही. चरबीचा थर पातळ झाल्यावर फुगा आधीपेक्षा ठळक दिसू लागतो आणि लोक घाबरून लिहितात की हर्निया वाढला. बहुतेक वेळा तो तेवढाच असतो, फक्त आता नजरेला पडतो. कमरेच्या पट्ट्याने थोडा आधार मिळतो, हर्निया बरा होत नाही.

३. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा; प्रश्न ९) ३६ आहे. दुर्बीण बरी की उघडं ऑपरेशन?

जखमेच्या दृष्टीने पाहिलं तर दुर्बीण. जाड चरबीतून घेतलेला मोठा छेद भरायला वेळ लागतो, त्यात पाणी साठतं, जंतुसंसर्ग होतो, आणि जाळीपर्यंत संसर्ग पोचला तर प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. जांघेतला छेद तर घाम येणाऱ्या घडीतच येतो. छोट्या छिद्रांमध्ये हा धोका बराच कमी होतो. जांघेच्या हर्नियात नंतर रेंगाळणारं दुखणंही दुर्बिणीनंतर कमी आढळतं.

पण दुर्बीण निवडली की तिच्यासोबत बहुधा पूर्ण भूलही येते. जखम छोटी आणि भूल मोठी, असा हा सौदा आहे. फुप्फुसं किंवा हृदय पूर्ण भुलेला तयार नसतील, तर जांघेच्या हर्नियासाठी जागेवरच्या भुलेत उघडं ऑपरेशन हा शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो (प्रश्न ७). बेंबीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचंच असेल तर छोट्या छेदातून जाळी लावूनही काम होतं. भोक मोठं असेल, किंवा लठ्ठपणामुळे जखम चिघळण्याची भीती असेल, तिथे दुर्बिणीचा विचार आधी होतो.

४. भुलेचे प्रकार किती? दुर्बिणीला पूर्ण भूलच का देतात?

ढोबळमानाने तीन. पूर्ण भूल: पेशंट गाढ झोपेत, श्वासनलिकेत नळी, श्वास मशीनवर. पाठीतली भूल: मणक्यात इंजेक्शन, कमरेखालचा भाग बधिर, पेशंट जागा. जागेवरची भूल: फक्त छेदाच्या आसपास बधिर करणारं औषध.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने वायू भरतात. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा त्याने वर ढकलला जातो. वायू रक्तात शोषला जातो, तो बाहेर टाकायला श्वास जास्त घ्यावा लागतो. त्यात जांघेच्या हर्नियासाठी टेबल डोक्याकडे खाली झुकवतात. या सगळ्यात श्वासावर पूर्ण ताबा असलेला बरा, आणि पोटाचे स्नायू सैल पडल्याशिवाय सर्जनला जागाही मिळत नाही. म्हणून पूर्ण भूल.

५. ‘जाड माणसाला पूर्ण भूल धोक्याची’ असं सगळेच सांगतात. खरं किती?

धोका वाढतो, हे खरं. पण तो कुठे वाढतो हे नेमकं ठाऊक आहे, आणि त्यासाठीच तयारी केली जाते.

सगळ्यात नाजूक क्षण सुरुवातीचा. झोपेचं औषध दिल्यावर श्वास थांबतो आणि नळी टाकेपर्यंत शरीर फुप्फुसातल्या प्राणवायूच्या शिल्लकीवर चालतं. आधी भरपूर प्राणवायू दिलेला असेल, तर सडपातळ निरोगी माणसाला ही शिल्लक साधारण आठ मिनिटं पुरते. खूप लठ्ठ माणसात ती तीन मिनिटांच्या आतच संपू शकते. आडवं झाल्यावर पोटाचा भार छातीवर येतो आणि साठवणीची जागाच आक्रसते, म्हणून हा फरक.

यावरचे उपाय साधे आणि परिणामकारक आहेत. पेशंटला सपाट झोपवत नाहीत. खांद्यांखाली आणि डोक्याखाली घड्या रचून कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका रेषेत आणतात. घट्ट मास्कमधून काही मिनिटं प्राणवायू देतात. नळी टाकताना घसा स्क्रीनवर दाखवणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप हाताशी असतो. पुढे मशीनमधून प्रत्येक श्वासाच्या शेवटी थोडा दाब राखून ठेवतात, म्हणजे फुप्फुसाचे खालचे कोपरे मिटत नाहीत.

दुसरा नाजूक क्षण शेवटचा, नळी काढतानाचा. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल पूर्ण उतरलाय हे यंत्रावर तपासून, पेशंट नीट जागा झाल्यावर, अर्धवट बसवून नळी काढतात. लोक ऑपरेशनच्या मधल्या वेळेला घाबरतात. खरं तर जपायचं असतं ते या दोन टोकांना.

६. मग पाठीतल्या इंजेक्शनवर दुर्बिणीचं ऑपरेशन होणारच नाही का?

होतं. जांघेच्या हर्नियाची टीईपी पद्धत पाठीतल्या भुलेत करणारी सरावलेली पथकं आहेत. निवडक पेशंटमध्ये ते जमतं.

लठ्ठपणात मात्र अडचणी एकावर एक चढतात. मणक्यांमधली फट चरबीखाली हाताला लागत नाही. बसवून, सोनोग्राफी लावून, कधी लांब सुई घेऊन ती शोधावी लागते. औषध किती वर चढेल याचा अंदाज चुकू शकतो. दुर्बिणीसाठी बधिरपणा छातीच्या मधल्या भागापर्यंत लागतो, आणि तेवढा वर गेला की बरगड्यांमधले स्नायू ढिले पडतात. सडपातळ माणूस ते सहज सोसतो. ज्याचं पोट आधीच पडद्याला वर रेटतंय आणि वरून वायूही भरलाय, त्याला दम लागतो. शिवाय पडदा डिवचला गेल्याने खांद्यात कळ येते, ती पाठीतल्या भुलेने थांबत नाही, कारण तिची नस मानेतून येते.

अशा वेळी मध्येच पूर्ण भुलेकडे वळावं लागतं, तेही टेबल झुकलेलं, कपडे अंथरलेले, पेशंट अस्वस्थ असताना. नळी टाकायला कठीण असलेल्या माणसात घाईने ती टाकायची वेळ येणं, हेच तर टाळायचं असतं. म्हणून ‘फुप्फुसं कमजोर आहेत, तर पाठीतूनच करू’ हे सरळ वाटणारं गणित दुर्बिणीच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं पडतं. उघड्या ऑपरेशनसाठी पाठीतली भूल चांगलीच आहे. तिथे वायू नसतो आणि बधिरपणा एवढा वर लागत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर ती कधी बंद करायची हे आधी ठरवावं लागतं.

७. फक्त जागेवर बधिर करून नाही का होणार?

जांघेचा आत-बाहेर जाणारा साधा हर्निया आणि हात बसलेला सर्जन असेल, तर उघडं ऑपरेशन जागेवरच्या भुलेत उत्तम होतं. लठ्ठपणात दोन मर्यादा येतात. थर जाड असल्याने औषध जास्त लागतं, पण औषधाची वरची मर्यादा ठरलेली असते, आणि चरबीचं वजन धरून ती हवी तशी वाढवता येत नाही. दुसरं, पेशंट कळवळू लागला की गुंगीचं औषध वाढवण्याचा मोह होतो. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला नळीशिवाय गाढ गुंगी देणं हे नीट दिलेल्या पूर्ण भुलेपेक्षा जोखमीचं ठरू शकतं.

८. मी घोरतो. हे भूलतज्ज्ञांना सांगण्यासारखं आहे का?

आवर्जून सांगा. आणि जमलं तर रात्री तुमच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला तपासणीला सोबत न्या. घोरता घोरता श्वास थांबतो का, दचकून जाग येते का, हे तुम्हाला स्वतःला बहुधा कळत नाही.

‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची यादी भूलतज्ज्ञ वापरतात: मोठ्याने घोरणं, दिवसा पेंग, श्वास थांबताना कुणी पाहणं, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, जाड मान आणि पुरुष असणं. तीन किंवा अधिक ‘हो’ आले तर शंका घ्यायची, पाच किंवा अधिक आले तर दाट शंका. अशा वेळी झोपेची तपासणी करून घ्यायला सांगतात. श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, निघाला तर रात्री दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र काही आठवडे वापरून मग ऑपरेशन करणं चांगलं. यंत्र आधीपासून असेल तर ते ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात सोबत न्या. बरेच जण ते घरीच ठेवून येतात, आणि त्याची गरज सगळ्यात जास्त असते ती नेमकी त्या रात्री.

वेदनाशामकांचाही इथे संबंध येतो. मॉर्फिनच्या जातीची औषधं अशा पेशंटचा श्वास मंदावतात. म्हणून छिद्रांच्या जागी बधिर करणारं औषध, पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन (ब्लॉक), पॅरासिटामॉल, आणि मूत्रपिंड व जठर ठीक असेल तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या यांवरच बरंचसं भागवतात.

९. ऑपरेशनआधी वजन किती कमी करायला हवं?

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १६५ सेंटिमीटर उंची आणि ११० किलो वजन असेल तर तो साधारण ४० येतो.

बेंबीच्या हर्नियासाठी, घाई नसेल तर, बीएमआय ३५ च्या खाली आणून मग ऑपरेशन करावं असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. ५० च्या वर असेल तर पोटाच्या भिंतीवरच्या हर्नियाचं नियोजित ऑपरेशन सहसा पुढे ढकलतात, कारण हर्निया परत येण्याचा आणि जखम चिघळण्याचा धोका फार वाढतो. जांघेच्या हर्नियात आकड्याचा एवढा बाऊ करत नाहीत.

आकडा गाठताच येत नसेल तरी निराश होऊ नका. तंबाखू-सिगारेट चार ते सहा आठवडे आधी बंद करणं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या खाली आणणं, या दोन गोष्टी जखमेसाठी फार मोलाच्या आहेत. रोज चालून दम वाढवला, तर वजन जेमतेम हललं तरी भूल सोपी जाते.

१०. वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे. थांबवू का?

स्वतःहून थांबवू नका, पण लपवूही नका. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड यांसारख्या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. उपाशी राहूनही जठरात अन्न उरू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. आधी एक आठवडा बंद ठेवण्याचा सरसकट सल्ला दिला जायचा. आता पेशंट पाहून ठरवतात. डोस नुकताच वाढवला असेल, मळमळ किंवा पोट गच्च वाटत असेल तर जास्त काळजी घेतात, कधी आदल्या दिवशी फक्त पातळ आहार देतात, कधी जठराची सोनोग्राफी करतात.

मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी लघवीवाटे साखर जाते (नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं), त्या मात्र साधारण तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात. नेमकं कधी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

११. कुठल्या तपासण्या लागतात? उपाशी किती वेळ?

रक्त, साखर, मूत्रपिंड, ईसीजी हे नेहमीचं. चालताना दम लागत असेल किंवा पायांवर सूज असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रक्तातलं बायकार्बोनेट वाढलेलं दिसलं तर दिवसाही श्वास अपुरा पडतोय का, हे पाहतात. हर्निया हाताला लागत नसेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. हलक्या अन्नासाठी सहा तास, साध्या पाण्यासाठी दोन तास. जड, तेलकट जेवण असेल तर त्याहून जास्त.

१२. वजनाला डोस कमी पडून मध्येच जाग आली तर?

ही भीती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे प्रसंग सुमारे १९,००० पूर्ण भुलांमागे एक असे नोंदले गेले, आणि लठ्ठपणा हा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत गणला गेला. कारण डोसचं गणित सोपं नाही. काही औषधं एकूण वजनावर देतात, काही चरबी वगळून उरलेल्या वजनावर, तर काही आदर्श वजनावर. झोपेचं पहिलं इंजेक्शन लवकर उतरतं आणि नळी टाकायला वेळ लागला तर मधे फट पडू शकते. हे ठाऊक असलेला भूलतज्ज्ञ औषध पुढे चालू ठेवतो आणि मेंदूच्या लहरी मोजणारं यंत्र लावू शकतो. मनात शंका असेल तर आधी विचारा, यात संकोच नको.

१३. ऑपरेशननंतर खांदा दुखतोय आणि जांघेत पुन्हा गाठ आली आहे. हर्निया परत आला का?

खांद्याचं दुखणं वायूमुळे असतं, दोन-तीन दिवसांत जातं. छिद्रांभोवती त्वचेखाली दाबल्यावर चुरचुर वाजतं, तोही वायूच. जांघेतली गाठ पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकदा साठलेल्या पाण्याची असते. खोकल्यावर ती वाढत नाही आणि सहसा सहा ते आठ आठवड्यांत जिरते. सुईने काढायची घाई करू नये, त्यातून जंतू आत जातात. ताप, वाढती लाली, पू किंवा उलट्या असतील तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

१४. त्याच दिवशी घरी जाता येईल का?

वजन जास्त आहे एवढ्याच कारणाने नाही म्हणत नाहीत. उपचार न झालेला स्लीप ॲप्निया, न आवरलेला मधुमेह किंवा हृदयाचा आजार, घरी रात्री सोबत कुणी नसणं, मॉर्फिनच्या जातीची औषधं लागणं, यांपैकी काही असेल तर रात्रभर लक्षाखाली राहावं.

घरी गेल्यावर पहिल्या रात्री पाठ उंच करून झोपा. त्याच संध्याकाळी उठून चाला. लठ्ठपणात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. दाब देणारे मोजे किंवा रक्त पातळ करणारं इंजेक्शन सांगितलं असेल तर ते चुकवू नका. एका पोटरीत सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, यासाठी सकाळची वाट पाहायची नाही. जांघेच्या हर्नियानंतर दुखत नसेल तर काही दिवसांतच नेहमीची कामं करता येतात, पोटाच्या मोठ्या हर्नियाला सर्जन जास्त मुदत सांगतील.

१५. माझा बीएमआय ४३, पण घोरत नाही, रोज तासभर चालतो. मित्राचा ३१, तरी त्यालाच जास्त तपासण्या सांगितल्या. असं का?

चरबी मांड्या-नितंबांवर असेल तर श्वासाला फारशी आडवी येत नाही. पोटात आणि मानेत साठली असेल, तर कमी बीएमआयलाही पडदा वर रेटला जातो, घसा अरुंद होतो आणि सर्जनला आत जागा मिळत नाही. तुमच्या मित्राचं पोट पुढे आणि मान आखूड असेल, तर त्याच्या भूलतज्ज्ञाने योग्यच केलं. तपासण्या तुम्हालाही चुकणार नाहीत, पण निकाल चांगले येण्याची शक्यता बरीच आहे.

१६. ‘आधी वजन कमी करा’ म्हणून थांबलोय. थांबणं कितपत सुरक्षित?

पुरुषांमधला, त्रास न देणारा जांघेचा हर्निया असेल तर बरंच सुरक्षित. अमेरिकेतल्या २००६ सालच्या एका अभ्यासात अशा पुरुषांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनहूनही कमी निघालं. पुढे दहा वर्षांत मात्र दोन-तृतीयांश लोकांनी, मुख्यतः दुखायला लागलं म्हणून, ऑपरेशन करून घेतलं.

स्त्रियांना हा दिलासा लागू नाही. त्यांच्यात जांघेच्या घडीखालून येणारा, मांडीकडचा हर्निया जास्त आढळतो. तो अडकण्याची शक्यता बरीच जास्त, आणि चरबीखाली तो सहज नजरेतून सुटतो. स्त्रीच्या जांघेतल्या हर्नियासाठी वजनाची वाट न पाहता लवकर, शक्य तर दुर्बिणीतून, ऑपरेशन करावं.

फुगा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, गॅस-शौच बंद झालं किंवा वरची कातडी लाल-निळी झाली, की वजनाचे, साखरेचे सगळे नियम बाजूला पडतात. काही तासांत आतडं सडू शकतं. तेव्हा भूल बहुधा पूर्णच देतात, पोट भरलेलं धरूनच, झटपट नळी टाकून. वाटेत पाणीसुद्धा पिऊ नका.

१७. वजन कमी करण्याचं ऑपरेशन आणि हर्निया, एकाच भुलेत उरकता येतील का?

कधी कधी. बेंबीचं छोटं भोक असेल तर तेवढं एकत्र करतात. मोठ्या हर्नियाला बहुधा आधी वजनाचं ऑपरेशन, वजन स्थिरावलं की हर्निया, असा क्रम ठेवतात. दोन भुला टाळण्याचा मोह समजतो. पण जठर किंवा आतडं उघडलेल्या पोटात मोठी जाळी बसवणं म्हणजे संसर्गाला वाव देणं. शिवाय दुसरी भूल पुष्कळ हलक्या शरीराला मिळते. एक गोम आहे: हर्नियात अडकलेली चरबी सोडवून भोक तसंच ठेवलं, तर त्यात आतडं अडकू शकतं. म्हणून भोकाचं काय करणार, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट विचारा.

१८. नंतर वीस-पंचवीस किलो उतरले, तर आतली जाळी सैल पडेल का?

नाही. काही आठवड्यांत शरीराचे धागे जाळीच्या छिद्रांतून वाढून ती भिंतीत मुरते. कातडी लोंबेल, जाळी नाही. पोट फार मोठं असताना रुंद भोक ताणून शिवलं असेल, तर वजन उतरल्यावर तिथला ताण उलट कमीच होतो. उलट दिशेने गेलात, म्हणजे वजन आणखी चढलं, तर जाळीच्या कडेने हर्निया परत येऊ शकतो, आणि बेंबीच्या व जुन्या टाक्यावरच्या हर्नियात ही शक्यता जांघेपेक्षा जास्त असते.